शर्यतीला दुसरं माणूस लागतं

आमच्या भासऱ्यांनी लग्नासाठी म्हणून आयुष्यात एकही मुलगी पाहिली नाही, आणि बॅटरी मात्र सतरा वेळा पाहिल्याशिवाय कधी घरात आणली नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. शब्द आमच्या वऱ्हाडातला, त्यामुळे पलीकडच्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो, आणि शब्दाबरोबर रीतही सांगावी लागते. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा, त्यांच्यापुढे बसायचं नाही, आणि बोलायचं तर नाहीच नाही. त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही. साठ सालच्या आगेमागे मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला गेले तेव्हा शहरातल्या घरांतून ही रीत जरा सैल पडत चालली होती. पण आमच्या घरात ती सैल करायची कोणी, हाच प्रश्न होता. मी नवी. आणि भासरे असे, की रीत नसती तरी ते बोलले नसतेच.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती भेट न होताच, आणि तीही माझ्याच लग्नात. अंतरपाटाच्या अलीकडे मी मान खाली घालून उभी, मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली, आणि लाऊडस्पीकर घशात घास अडकल्यासारखा खाकरून बंद पडला. भटजींचा आवाज एकाएकी उंदरासारखा झाला. लोक हसू लागले. तेवढ्यात मांडवाच्या मागून कोणीतरी कळवळून ओरडत असलेलं ऐकू आलं, "दोन महिने पानी नाही पाजलं इले! मानूस हायेस का कोन हायेस तू?" वरपक्षाच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरदेवाचे थोरले भाऊ मांडवात कुठे दिसत नव्हते, त्याचा उलगडा झाला. ते नवं कोरं धोतर नेसून लाऊडस्पीकरवाल्याच्या बॅटरीपाशी उकिडवे बसले होते. पाच मिनिटांत त्यांनी तिला जिवंत केली, माझं लग्न लागलं, आणि पंगतीत भासरे आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वाटाण्याएवढी तीन भोकं पडलेली होती. माझी मावशी आईच्या कानाशी लागून म्हणाली, "घरानं चांगलं हाये म्हनत होते नं? मंग हे भोकं कायचे?"

भोकं आम्लाची होती. भासरे अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात बॅटरीच्या खोलीत कामाला होते. काचेच्या मोठमोठ्या चौकोनी हंड्या, त्यांत आम्ल, आम्लात शिशाच्या पट्ट्या, आणि अशा हंड्यांच्या भिंतीला लागून रांगा. हंड्यांतलं पाणी पाहायचं, कमी झालं तर घालायचं, वहीत आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. सगळ्या अकोल्याचं टेलिफोनवरचं बोलणं त्या खोलीच्या जोरावर चाले. कापसाचे भाव, बाळंतपणं, भांडणं, सगळं. पण त्या खोलीत मात्र कोणी फिरकत नसे, कारण आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे. भिंतीच्या पलीकडे ऑपरेटर दिवसभर बोलत असायचे आणि भिंतीच्या अलीकडे हे आठ तास गप्प. सगळी नोकरी अशी काढल्यावर माणसाला घरी येऊन काय बोलायचं ते सुचत नसेल, असं मला पुढे वाटू लागलं. तेव्हा फक्त भीती वाटायची.

घर जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या अंगाला, भाड्याचं, तीन खोल्यांचं. आमचे हे कापूस खरेदीवर. आज तेल्हारा, उद्या बार्शीटाकळी, आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी, तेही झोप पुरी करायला. राहिलो तिघं. मी, भासरे, आणि यांच्या आत्याबाई. यांचे आईवडील लवकर गेले. आत्याबाईंनी दोघा भावांना वाढवलं आणि थोरल्याने धाकट्याला शिकवलं. त्यात थोरल्याचं लग्न राहून गेलं. का राहिलं ते कोणी सांगत नसे. एकदा राहिलं आणि मग राहिलंच. आत्याबाईंना ऐकू येत नव्हतं. अगदी कानाशी ओरडलं तर शब्द पोचे, पण वाटेत तो दुसराच होऊन जाई. अमरावतीला आमच्या घरी सहा भावंडांचा कालवा असायचा. अकोल्याच्या घरात दुपारी भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई आणि मी भाकरी थापताना मुद्दाम जोरात थापत असे, कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून.

रीत पाळून बोलायचं तर मधे एक माणूस लागतं, आणि आमच्याकडे ते माणूस बहिरं. तरीही आम्ही रीत पाळली. भासरे दारापुढच्या ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंकडे तोंड करून म्हणत, "आत्या, आज भाजीत मीठ जास्त झालं म्हना." आत्याबाई म्हणत, "हो, आला होता पोस्टमन." मी आतून आत्याबाईंना उद्देशून म्हणे, "उद्या पाहून टाकीन म्हना." आत्याबाई म्हणत, "टाक मंग, वाळन उन्हात." निरोप इकडून तिकडे पोचलेला असे, आणि आत्याबाईंना आपल्याशीच सगळे बोलतात याचं समाधान असे.

भासऱ्यांच्या सदऱ्यांची भोकं मी न विचारताच बुजवायला लागले. दुपारी करायला दुसरं काही नव्हतं. दोन आठवड्यांनी आत्याबाईंना सूचना मिळाली, "आत्या, भोकं बुजवून राहिलं कोनी. चांगलं हाये. पन सुती दोरा नको म्हना. आम्ल सुताले खाते, लोकरीले नाही खात." घरात लोकर होती ती माझ्या एका अर्धवट स्वेटरची, लाल. मी लालच वापरली. त्यानंतर भासरे अंगभर लाल टिकल्यांचे पांढरे सदरे घालून निमूट ऑफिसात जात राहिले. लोक हसले असतीलच. त्यांनी मात्र आत्याबाईंना एवढंच सांगितलं, "टिकून राहिलं म्हना."

त्यांच्या एकेका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागला. त्यांच्या खिशात नेहमी खायच्या सोड्याची पुडी असे, आम्ल सांडलं तर टाकायला. लोकांना वाटे यांना पित्ताचा त्रास आहे. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ते बाटलीत भरून देवाच्या कोनाड्यात ठेवत, कारण घरात तेवढीच एक जागा अशी होती की जिथे कोणी धक्का लावणार नाही. आत्याबाईंनी त्या बाटलीला गंगा समजून श्रावणभर घरी येईल त्याला पळीपळीने तीर्थ दिलं. भासऱ्यांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "गंगेपेक्षा शुद्ध हाये म्हना," एवढं बोलून त्यांनी रिकामी बाटली उचलली आणि ऑफिसातून दुसरी भरून आणली.

आणि सेलची खरेदी! एकदा मी आणि आत्याबाई कंदिलाची काच घ्यायला बाजारात गेलो होतो. दुकान एका बोहरी शेठजींचं. भासरे पाठमोरे उभे होते, म्हणून मी पदर पुढे ओढून बाजूला थांबले आणि पाहत राहिले. समोर टॉर्चच्या सेलांचा ढीग. एकेक सेल ते उचलत, तळहातावर तोलत, बुडाशी जस्त काळवंडलंय का ते पाहत, कानाशी धरून नखाने टकटक करत. शेवटी खिशातून तारेचा तुकडा काढून तो सेलच्या बुडाला लावत, एका टोकाने जिभेला स्पर्श करत आणि डोळे मिटत. शेठजी गल्ल्यावर हनुवटी टेकून हा सोहळा बघत होते. ते म्हणाले, "मास्टरसाब, सेल है ये, खरबूजा नहीं है." भासरे डोळे न उघडताच म्हणाले, "खरबूजा एक दिन का है शेठजी. इसके साथ महिना निकालना है." आम्हाला काच घेऊन परतायला तास लागला. ते आमच्यानंतर दोन तासांनी चार सेल घेऊन आले.

एवढे सेल लागत कशाला, तर गाडीला. एक्स्चेंजातल्या कोणा साहेबाने टाकून दिलेल्या परदेशी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. हातभर लांबीची, उंच चाकांची, उघडीवाघडी शर्यतीची गाडी, आत विजेची मोटर, डोक्यावर एक काडी, आणि लांब उभा असलेला माणूस तिला नुसत्या बिनतारी यंत्राने खड्ड्यांतून, मातीतून पळवतोय. ते पान त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलं होतं. जिथे लोक बायकोमुलांचा फोटो ठेवतात तिथे. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय ठेवता येत नाही, सरकारी माणसाने तर नाहीच, म्हणून त्यांनी काडीच्या जागी टेलिफोनची टाकाऊ वायर जोडली, पंचवीस हात. तिच्या टोकाला विडीच्या पेटीएवढी एक पेटी, पेटीवर घंटीची तीन बटणं. पुढे, डावीकडे, उजवीकडे. मोटर भंगार बाजारातून आणलेली, लढाईतल्या कुठल्या यंत्रातली. चाकं लाकडी, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे पट्टे. सांगाडा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा. अशी गाडी त्यांनी दोन वर्षं खपून केली होती. पळायची झकास. अडचण एकच होती, बॅटरीची.

बॅटरी हातात ठेवावी आणि वायरीतून वीज द्यावी, तर अर्धा जोर वायरीतच सरतो. म्हणून ती गाडीवरच बसवायची. मग वजनाचं काय? टॉर्चचे सेल हलके, पण दोन फेऱ्यांत धापा टाकणारे. टेलिफोनच्या जुन्या डब्यांतले लोटीएवढे उभे सेल दमदार, पण त्यांच्याखाली गाडी कापसाने लादलेल्या बैलबंडीसारखी करकरत चाले. ट्रान्झिस्टरची चिमुकली बॅटरी नुकतीच बाजारात आली होती, ती त्यांनी जिभेला लावली आणि एका वाक्यात निकालात काढली, "बोलते लय, करत काही नाही." मोटरसायकलची आम्लाची बॅटरी सगळ्यांत जोरकस, पण तिने पहिल्याच दिवशी आत्याबाईंच्या गोधडीला ताटलीएवढं भोक पाडलं. संध्याकाळी भासरे ओट्यावर बसून हे सगळं आत्याबाईंना समजावून सांगत. सेल एकापुढे एक लावले तर जोर वाढतो, शेजारी शेजारी ओळी केल्या तर दम वाढतो. आत्याबाई मान डोलवत. मी आत पोळ्या लाटत ऐकत असे. मॅट्रिकपर्यंत शिकून मला जे शास्त्र कळलं नव्हतं ते मी त्या ओट्यावरून शिकले.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं असेल. एका शनिवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक गाडी ठेवलेली दिसली. पहिली निळी होती, ही हिरवी. जुळी बहीणच. भासरे ओट्यावरून म्हणाले, "आत्या, उद्या सकाळी कोनाले वेळ असन त जिनाच्या मैदानात या म्हना. शर्यतीले दुसरं मानूस लागते."

"वांगे? वांगे नाही आनले," आत्याबाई म्हणाल्या.

मी आतून म्हटलं, "आत्याबाई, मले त सायकल बी चालवता येत नाही म्हना."

बाहेरून भासरे हळू म्हणाले, "मले तरी कुठं येते."

हे नेमके घरी होते. मी विचारलं, जाऊ का, लोक काय म्हणतील. ते अंथरुणातून उठून बसले. म्हणाले, "दादा बोलावते त जा. त्यानं आजवर कोनाले बोलावलं नाही."

हंगाम संपलेला, जिन बंद, आवार ओस. मातीत सरकी आणि कापसाचे पुंजके मिसळून सगळं भुसभुशीत झालेलं. वजनकाट्यापासून कडुलिंबाच्या झाडापर्यंत जायचं, झाडाला वळसा घालून परत. सावलीत पोत्यावर आत्याबाई. त्या आल्याशिवाय रीत पाळली गेली नसती. पाटावर भासऱ्यांनी बॅटऱ्यांचे तीन जोड मांडलेले, आणि आत्याबाईंना उद्देशून ते म्हणाले, "आधी निवडायचा हक्क नव्या मानसाचा." मी डोक्यावरचा पदर दातात धरून, एका हातात निऱ्या आणि एका हातात पेटी घेऊन गाडीमागे पळाले. हरले. पुढच्या रविवारी परत हरले. आठ रविवार झाले, दहा झाले, मी हरतच राहिले, कारण मी रंग बघून सेल निवडत होते आणि ते जीभ लावून. मुद्दाम हरावं, समोरच्याचं मन राखावं, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्याचा मला राग येई, आणि खरं सांगायचं तर मानही वाटे. पण शनिवारपासूनच मला रविवारची चाहूल लागायची. लवकर उठून मी वेणी घालायची, पायांत कापडी बूट चढवायचे. सहा दिवस मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको असे. त्या अर्ध्या तासात मी हिरव्या गाडीची मालकीण असे.

मग उन्हाळा भर आला असताना एका हरलेल्या रविवारी घरी परतताना भासरे म्हणाले, "आत्या, एकच मानूस जिंकून राहिला त त्याले शर्यत नाही म्हनत. समोरच्याले तरास होत असन. बंद करू म्हना. पुढचा रविवार शेवटचा."

आत्याबाई म्हणाल्या, "हो, लय ऊन झालं."

मी घरी येऊन भाकरी थापायला बसले आणि घड्याळ ऐकू येऊ लागलं. मला त्रास नव्हता हो! हरण्याचा मला काडीइतका त्रास नव्हता. पण ते मी सांगायचं कोणाला आणि कोणाकरवी? जिंकल्याशिवाय ते सांगण्याचा दुसरा मार्ग मला दिसेना.

भासरे संपलेले सेल टाकत नसत. एका डब्यात ठेवत, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख. मी सोमवारी त्यांतले सोळा सेल काढले. अमरावतीला माझे वडील टॉर्च मंद झाली की सेल कौलांवर उन्हात ठेवत, हे मला आठवत होतं. मी ते पापड-कुरडयांच्या खाटेवर, धोतराच्या फडक्याखाली मांडून ठेवले. अकोल्याचं ऊन ते. खाटेच्या लोखंडाला हात लागला तर फोड येई. रोज सकाळी सेल बाहेर, संध्याकाळी आत, आणि मधे कोणी हात लावायचा नाही. चार दिवस. मग ओट्यावरून ऐकलं होतं तसं करून पाहिलं. चार-चार एकापुढे एक लावले, अशा चार ओळी शेजारी शेजारी, आणि सगळ्या मिळून सुतळीने बांधल्या. बांधण्याआधी आत्याबाईंची पाठ पाहून एकाला तार लावून जीभही लावली. मुंग्या चावल्यासारखं झालं. मला हसू आलं.

रविवारी पाटावर बॅटऱ्या मांडल्या गेल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, आज घरून आनले म्हना." भासऱ्यांनी सुतळीचं ते गाठोडं पाहिलं. भुवया वर गेल्या. त्यांनी स्वतः शेवटच्या शर्यतीला मोटरसायकलची बॅटरी बसवली. खास बसवली, नवी होती.

वजनकाट्यापासून दोन्ही गाड्या सुटल्या आणि पहिल्या दहा पावलांतच मला दिसलं की त्यांची निळी भुसभुशीत मातीत बसतेय. जोर तिच्यात अफाट होता, पण तो जोर ती जमीन उकरण्यात घालवत होती. माझी हिरवी वरून वरून पळाली. झाडापाशी मी दोन हात पुढे. वळसा घेतला. भासरे पेटी उंच धरून माझ्या बाजूने पळत होते, धोतर गुडघ्यावर, चष्मा नाकावर. आणि मग अर्ध्या वाटेवर हिरवीचा आवाज बदलला. रडवेला झाला. चाकं हळू फिरू लागली. मागून निळी येत होती, जड पण न थांबता येत होती. रेघेला पाच हात राहिले. तीन हात. हिरवी मुंगीसारखी सरकत होती. माझ्या डोक्यावरचा पदर कधीच पडला होता. मी वाकून, कोण ऐकतंय याची शुद्ध न ठेवता ओरडले, "चाल नं माय! चाल! थांबू नको, चाल!" लग्न झाल्यापासून एवढा मोठा आवाज माझ्या गळ्यातून निघाला नव्हता. हिरवी काट्याच्या रेघेवर गेली, पुढची चाकं पलीकडे टाकली आणि थांबली. निळी वीतभर मागे होती.

भासरे धापा टाकत उभे राहिले. त्यांनी सुतळीच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग सरळ माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे नाही, आणि म्हणाले, "तू सेल कोनते टाकले?"

सव्वा वर्षात ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी पदर शोधत होते, तो सापडेना. म्हटलं, "तुमचेच. डब्यातले."

"ते त मेले होते."

"मेले नव्हते. थकले होते. चार दिवस उन्हात ठेवले."

"चार दिवस?" त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. "दिवसाले किती तास?"

मी सांगितलं. ते लिहीत गेले. घरी येईपर्यंत ते बोलत होते. ऊब लागली की आतला मसाला कसा परत जागा होतो, पण ते टिकत का नाही, दोन फेऱ्या असत्या तर मी कशी हरले असते. मी मधे मधे उलट बोलत होते. घराच्या पायरीवर आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं की आत्याबाई मागे उभ्या राहून आमच्या तोंडांकडे टकमक पाहत आहेत.

"बोलले का एकमेकांसंगं?" आत्याबाई म्हणाल्या. "बरं झालं बापा. माह्या नावानं वरडून वरडून मलेच बहिरी केली तुमी दोघांनी."

शेवटची शर्यत शेवटची झाली नाही. पुढे तीन वर्षं दर रविवारी आम्ही पळलो, फक्त पावसाळ्यात चिखल असे तेव्हा नाही. मी पाचांतून दोनदा जिंकू लागले. सेल निवडायला आता ते मलाही विचारत. दोघांच्या जिभांचं एकमत झालं तरच सेल घ्यायचा. त्यांना गोष्टी सांगता येतात, हे मला तेव्हा कळलं. बॅटरीच्या खोलीतल्या, आईवडिलांच्या, यांच्या लहानपणच्या. एकदा म्हणाले, "त्या खोलीत मी कधी कधी मोठ्यानं बोलून पाहतो. आवाज हाये का गेला ते पाहाले." असं म्हणून हसले. मी हसले नाही.

मग आत्याबाई गेल्या, आणि पुढच्याच वर्षी यांची बदली अमरावतीला झाली. आम्ही भासऱ्यांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "इथल्या बॅटऱ्यांले पानी कोन घालन?"

अमरावतीला मला माझी माणसं परत मिळाली. बहिणी, वहिन्या, पुढे मुलगी झाली. घरात घड्याळ आहे हेसुद्धा कधी लक्षात येत नसे. दर आठवड्याला मात्र एक पोस्टकार्ड येई. "अनेक आशीर्वाद. या रविवारी शर्यत झाली. दोन्ही गाड्या मीच चालवल्या. हिरवी जिंकली. ऊन कडक आहे." पुढच्या आठवड्यात, "दोन्ही मीच चालवल्या. निळी जिंकली. पण झाडापाशी हिरवी पुढे होती." दोन हातांत दोन पेट्या घेऊन ते ओस आवारात कसे पळत असतील, या विचाराने आम्ही नवरा-बायको पोट धरून हसायचो. पहिले तीन-चार आठवडे हसलो. मग मी पोस्टकार्ड मोठ्याने वाचायचं बंद केलं. वर्षभराने एक आलं, "या रविवारी शर्यत झाली नाही. कारण काही नाही." त्यानंतर आलंच नाही. मी पत्रं घालत राहिले; सणावाराला उत्तर येई, त्यात तब्येतीची हकिगत असे.

अशात एक दिवस दुपारी ते स्वतःच दारात उभे. हातात कापडी पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. हे गावाला गेले होते. मी पाणी दिलं, चहा ठेवला. म्हणाले, "इथं एका दुकानात नवी बॅटरी आली म्हनते. बंद डब्याची. आम्ल सांडत नाही. म्हटलं, पाहून यावं."

मी म्हटलं, "आज रविवार हाये दादा. बाजार बंद."

"रविवार हाये का?" ते म्हणाले. "पाह्य बरं. ध्यानातच नाही राहिलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चहा गाळत बसले. मुलगी त्यांच्या मांडीवर चढून चष्मा ओढत होती, आणि ते तिला दोन्ही हातांनी, भरलेली हंडी धरावी तसं, न हलवता धरून बसले होते. त्यांनी विचारलं, पाणी किती वाजता येते नळाला. मी विचारलं, जेवण कोण करतं. ते म्हणाले, करतो मीच. असं चार वाजेपर्यंत चाललं. मग त्यांनी मुलीला खाली ठेवलं, पिशवी उचलली, उभे राहिले, आणि दाराकडे पाहत म्हणाले, "अकोल्याची गाडी पाचची असन नं?"

मी म्हटलं, "साडेसातची बी हाये."

त्यांनी पिशवी परत खाली ठेवली, आणि जरा मागे सरकून नीट बसले.